मला नवरदेव करणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊ गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी पवनीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘पासवर्ड कसा जपावा’ हा धडा शिकवत होतो. हा धडा शिकवायचा अधिकार तुला कोणी दिला, असं त्यांनी नक्की विचारलं असतं... तीन आठवडे झाले त्याला.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मनोहरभाऊ रोज संध्याकाळी क्लासवर यायचे, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचे आणि बिघडलेला फोन खोलावा तसं माझं काम खोलून पाहायचे. बिघाड बहुधा सापडायचाच. सर्वांत मोठा सापडला तो समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या वेबसाइटमध्ये. मुलामुलींची यादी डेटाबेसमध्ये होती आणि ती सांभाळायला ब्राउझरमध्येच उघडणारा एक फुकटचा प्रोग्रॅम. त्यावर ‘अपडेट करा’ अशी पिवळी पट्टी दोन वर्षं येत होती. मी ती जाहिरात समजून बंद करायचो. त्यात मेळाव्याच्या पत्रकावर छापायला वेबसाइटचा पत्ता दिला, तो घाईत नेमका त्या प्रोग्रॅमच्या पानावरून उचलला. म्हणजे मांडवाच्या दाराऐवजी कोठीच्या दाराचा पत्ता मी गावोगाव वाटला.

त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पासवर्डशिवाय शिरता येतं, ही चूक केव्हाच जगजाहीर झाली होती. भाऊंनी मला दोनदा बजावलं. मी म्हणालो, पवनीच्या यादीत कोण कशाला शिरेल? ते कोपऱ्यातल्या मशीनकडे वळले. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं माझ्या हातात फोन दिला.

“घ्या, तुमच्यासाठी स्थळ आलं. आंधळगावचं.”

उपवरांच्या यादीत माझं नाव चढलं होतं. वय सव्वीस, केस दाट. बायकोला राग आला तो केसांचा. मी हसत हसत भाऊंच्या घरी गेलो. माझ्याकडून नंबर घेऊन त्यांनी आधी आंधळगावच्या गृहस्थांची माफी मागितली, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“काहून हसून राहिला गा, मास्तर? मी तं तुलेच नवरदेव केलो. दुसरा कोणी शिरला असता, तं त्यानं पोरींचे नंबर उचलले असते. घरचे पत्ते आहेत तिथं.”

माझं हसू तिथंच विरलं. मेळाव्याला आठ दिवस उरले होते, तरी त्यांनी त्याच क्षणी वेबसाइट बंद करायला लावली. मेळावा वहीवर होईल म्हणाले. मग आठ दिवस बसून आम्ही प्रोग्रॅममध्ये कोण केव्हा शिरलं त्याच्या नोंदी चाळल्या. सापडल्या तेवढ्या नोंदींत त्यांच्याशिवाय कोणी परकं शिरलेलं दिसलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं. त्यांना वाटलं नाही. ज्यांच्या मुली आहेत त्यांना कळलंच पाहिजे, असं म्हणून मेळाव्यात त्यांनी मला माइकपुढे उभं केलं.

मी माझा मूर्खपणा रंगवून सांगितला. नवरदेवाच्या किश्श्यावर लोक पोट धरून हसले. मग दिघोरीचे एक वडील उठले.

“म्हणजे माह्या पोरीचा नंबर कोणीही पाहू शकला असता?”

मी भाऊंकडे पाहिलं, ते छताच्या पंख्याकडे पाहत होते.

“हो,” मी म्हणालो. “चूक माझीच.”

ते गृहस्थ पुढे आले आणि वहीत त्यांनी मुलीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. घरी परतताना भाऊ एवढंच म्हणाले, “आता करू अपडेट.”

परवा त्याच दिघोरीकरांनी धाकट्या मुलीची माहिती पाठवली. ती चढवायला मी प्रोग्रॅम उघडला. आत शिरायची परवानगी दोघांनाच होती. माझ्या नावाखाली मनोहरभाऊंचं नाव. जो माणूस आता येणार नाही त्याचं लॉगिन तसंच ठेवणं म्हणजे चोराची सोय, हे त्यांचंच म्हणणं. तीन आठवडे मी ती सोय करून ठेवली होती... काढायला हात धजत नव्हता.

प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की काढायचं? मी ‘हो’ दाबलं. परवानगीची यादी पुन्हा उघडून पाहिली. एकच नाव उरलं होतं. मग मुलीचा नंबर चढवला. त्यांनी तपासण्याआधीच माझं काम बरोबर निघालं, असं पहिल्यांदाच झालं.