चरबीच्या वासाची फळी

मिलमध्ये सुताला खळ लावायचं एक खातं होतं. खळीत चरबी घालत, म्हणजे सूत मऊ राहतं आणि मागावर तुटत नाही. त्या खात्यातली एक जाड, हातभर रुंद फळी भंगारात पडली होती. मी तेव्हा विशीतला, फिटरखात्यात उमेदवार. मिस्त्रीला विचारून ती फळी, एक जुना लोखंडी दांडा आणि दोन बिडाची चाकं मी तालमीत नेली. ऊन लागलं की फळीतून पिवळट ओशट घाम सुटायचा. घाण वास यायचा, नाकात बसायचा, जेवताना आठवायचा. आमच्या लिंगायतांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि मी त्या फळीवर उघड्या पाठीनं निजत होतो.

कल्पना माझ्या मित्राची. तो विणकराचा मुलगा, घरी तेलुगू बोलणारा. दिवसभर मागावर वाकून त्याची छाती आत गेली होती. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात त्याला चित्र दिसलं: एक गोरा माणूस बाकावर उताणा पडलाय आणि छातीवरचा दांडा सरळ वर ढकलतोय.

"दंड मारून माझे खांदे दुखतेत," तो म्हणाला. "हे जमंल की."

तालमीत लाल माती, मलखांब आणि लाकडी जोड्या, एवढंच सामान. आम्ही विटा रचून त्यावर फळी ठेवली. ती इतकी रुंद की दांडा खाली आणताना कोपरं कडेवर आपटत. पाठ घसरे. एक चाक दुसऱ्यापेक्षा जड, त्यामुळे दांडा सारखा डावीकडे कलायचा. ठेवायला आधारही नव्हता. दोघांनी दोन टोकं धरून दांडा हातात द्यायचा आणि झालं की उचलून घ्यायचा.

वस्तादाला हे मुळीच पसंत नव्हतं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडात कायम पान. "निजून कुटं ताकद येती व्हय रं?" म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

एका संध्याकाळी तो स्वतःच पुढं झाला. "आण, मी धरतो एक टोक." जड चाकाचं टोक त्यानं धरलं, हलकं मी. मित्र खाली निजला, हात वर केले. त्याची मूठ अजून नीट बसली नव्हती. वस्तादानं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि हात काढून घेतला. एकट्याला मला दांडा सावरेना. जड टोक मित्राच्या बरगडीवर आलं. ओल्या कपड्यात काठी मोडावी तसा आवाज झाला. तो कुशीवर वळला आणि तिथंच मातीत ओकला.

वस्तादानं बाजूला पिंक टाकली. "बायकी छाती," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

मित्राला भेटायला गेलो तेव्हा त्याची आई गरम हळदीचा लेप लावत होती. बरगडी मोडली असं हाडवैद्यानं सांगितलं होतं. मी काहीबाही बोललो, वस्तादाला शिव्या दिल्या. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"तू बी हासलास की," तो म्हणाला.

त्याच्या आईला मराठी थोडंच कळायचं, पण तिचा हात थांबला. मला स्वतःच्या दातांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी तालमीतून सामान उचललं आणि त्याच्या परसात आणलं. फळी धुण्याच्या सोड्यानं आणि राखेनं घासली, पुन्हा घासली, उन्हात टाकली. वरचा थर रंध्यानं काढला. ते छिलके हाताला चिकटत, तेव्हा मला दोनदा उलटी आली. मग फळी खांद्यांपुरती, सव्वा वीत रुंद कापली आणि तिच्यावर गोणपाट ठोकलं. हलक्या चाकाला लोखंडी पट्ट्या बांधून दोन्ही बाजू तराजूवर सारख्या केल्या. हात कुठं धरायचे तिथं दांड्याला दोरा गुंडाळला. डोक्याशी बाभळीच्या दोन दुबेळक्या, वर फाटा असलेल्या मेढी, जमिनीत गाडल्या, म्हणजे दांडा त्यात ठेवता येईल आणि कुणाचा हात लागणार नाही. मी आधी स्वतः निजून बघितलं: पाय जमिनीवर दाबून ठेवले, खांदे मागं ओढले, कोपरं अंगाजवळ घेतली, तर दांडा गळ्याकडे न येता छातीच्या खालच्या भागावर उतरतो.

अडीच महिन्यांनी मित्र फळीवर निजला. आधी दोन्ही दुबेळक्या हलवून बघितल्या. चार वेळा दांडा वर केला. पाचव्याला दांडा अर्ध्यावर अडला, मी पुढं झालो.

"लांब थांब," तो म्हणाला, आणि दांडा स्वतःच दुबेळक्यात टाकला.

पंधरवड्यानं वस्ताद परसात आला. तालमीतलं लोखंड परत द्या, म्हणाला. मी लोखंड मिलचं आहे असं सांगत होतो, तेवढ्यात मित्र उठून उभा राहिला.

"न्या की," तो शांतपणे म्हणाला. "पर आदी निजून दावा. दांडा आमी दोघं धरतो."

वस्तादानं फळीकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे. त्याचा चेहरा उतरला, पानाचा रस ओठाच्या कोपऱ्यातून खाली आला तरी त्यानं पुसला नाही. तो रिकाम्या हातानं परत गेला. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीही शिसारी आली, कारण तो निजला असता तर मी काय केलं असतं हे मला माहीत होतं.

मित्राची छाती वर्षभरात भरली. अंगरखे उसवून घ्यावे लागले. मी रोज संध्याकाळी जात असे. तो आधी करी, मग मी. माझ्या पाळीला तो डोक्याशी येऊन उभा राही, हात दांड्याखाली धरून. त्याच्या पाळीला मी भिंतीशी बसत असे. त्यानं कधी बोलावलं नाही, आणि मी विचारलं नाही.