शाही मलई चिकनमधली भाकरी

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये महेंद्र अकरा वर्षं आचारी होता, आणि त्याचं नाव झालं होतं ते बुधवारच्या 'शाही मलई चिकन'मुळे. हा पदार्थ लखनौच्या एका उस्तादाकडून शिकलो, असं तो ऐटीत सांगायचा. धडधडीत थाप! लखनौचं स्टेशनसुद्धा त्याने पाहिलेलं नव्हतं.

यंदा कंपनीने सोनल नावाची आहारतज्ज्ञ नेमली. प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहायच्या आणि फार चरबीचे पदार्थ बंद करायचे, असं ठरलं. ती फॉर्म घेऊन थेट भटारखान्यात आली.

"काका, दहा किलो चिकनला क्रीम किती घालता?"

महेंद्रची पाचावर धारण बसली. क्रीमचा त्यात थेंबही नव्हता. खोटा आकडा सांगावा तर चिकन बंद, खरं सांगावं तर अकरा वर्षांची इज्जत पाण्यात. दोन दिवस त्याने टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी सोनल यादीतून चिकन खोडायलाच निघाली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मॅडम, क्रीम नाही त्याच्यात. कालची भाकरी आहे, ज्वारीची. भिजवून भाजलेल्या कांद्यासोबत वाटतो, वरून थोडं दही. आईची पद्धत आहे."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिने मोबाइलवर हिशेब केला. प्रथिनं भरपूर आणि चरबी तिच्या अंदाजाच्या निम्मीसुद्धा नाही. चिकन यादीत राहिलं. पदार्थ मूळचा कुठला, या रकान्यात महेंद्रने आईचं नाव लिहिलं.

संध्याकाळी मानपाड्याला घरी पोचताच त्याने हे फुशारकीने आईला सांगितलं. रमाबाई खूश व्हायचं सोडून उखडल्या.

"शिळी भाकरी घालायचे म्हणून सांगितलंस? चारचौघांत?"

"अगं, पौष्टिक आहे म्हणाल्या मॅडम. कोंबडी सगळ्यांना पुरावी म्हणूनच घालायचीस ना तू?"

"तुम्हाला फोडी असायच्या रे," लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या. "तुम्हा चौघांना वाढून माझ्या ताटात नुसता रस्सा उरायचा. तो तरी पोटाला लागावा म्हणून घट्ट करायचे."

महेंद्र बावन्न वर्षांचा. आईच्या ताटात त्याने कधी डोकावून पाहिलं नव्हतं, आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली.