कडेचा पट्टा

मणेरसर कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत. घरची बाई गडबडून जाई, तोवर हे खिशातलं भिंग काढून ग्रॅनाइटच्या ओट्यावर ओणवे झालेले असत. "आपण डबे जरा सरकवता का?" असं अदबीनं विचारत आणि पिठाच्या डब्यामागचा एखादा पांढरट ठिपका बघून खुलत. चहा त्यांना तिथेच द्यावा लागे. मी त्यांच्याच विभागात भूविज्ञान शिकवत असे. माझ्या घरी मी कडप्प्याचा ओटा केला, तर बरेच दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यांच्या वडिलांचं भवानी पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. त्यामुळे वर्गातले दाखलेही तिथलेच. "तप्त रस थंड होताना स्फटिक एकावर एक पट्टे चढवत वाढतो, बांगड्या भराव्यात तसा. आतला पट्टा जुना, कडेचा नवा. पट्टे मध्येच खाल्लेले दिसले तर समजा, खालून नवा रस आला, पाणी आलं, नशीब असेल तर तांबंही आलं. पण आतल्या पट्ट्यांवर भाळू नका. गाभा दुसरीकडून वाहत आलेला असू शकतो. या जागी काय झालं, ते कडेचा पट्टा सांगतो. तो म्हणेल ते खरं. ज्याला कडा वाचता येत नाही, त्यानं खुशाल फरशा विकाव्यात."

पुणं बसलंय काळ्या पाषाणावर. आमचे विभागप्रमुख म्हणत, "मणेर, पुण्यात तांबं एकाच ठिकाणी मिळतं, भांड्यांच्या दुकानात." सरांचं लक्ष होतं विदर्भाच्या पूर्व टोकाच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर. प्रत्येक सुट्टीत ते तिकडे जात आणि दगडांनी भरलेल्या पिशव्या घेऊन परतत. मग दगडाची चकती काचेवर घासत बसत, आरपार उजेड दिसेपर्यंत. बोटांची सालं निघत. या टेकड्यांखाली तांबं आहे, एवढं एकच सिद्ध करायचं त्यांनी ठरवलं होतं.

निवृत्ती जवळ आली तेव्हा एका खाणकंपनीनं त्यांच्या शब्दावर एक बोअर घ्यायची तयारी दाखवली. एकच. तांबं आहे की नाही, एवढं सरांनी सांगायचं होतं. तेव्हापासून माणूस पार बिघडला. डबा तसाच घरी परत जाई. प्रयोगशाळेत मला बोलावून त्या टेकड्यांतल्या दगडाची तीच स्लाइड पुन्हा पुन्हा दाखवत. "गाभा बघा, मॅडम! किती खाल्लेत पट्टे!" एकदा एकाएकी माझ्यावर ओरडले, "हे निघालं नाही तर मी जन्मभर काय केलं, सांगा ना!" त्यांनी कंपनीला 'आहे' म्हणून कळवलं.

बोअर कोरडी गेली. विभागातल्या फोनवर कंपनीचा माणूस बोलत होता, सर नुसते "बरं, बरं" म्हणत होते. वरपासून खालपर्यंत ग्रॅनाइट, तांब्याचा मागमूस नाही. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "फरशा चांगल्या होतील." विभागप्रमुखांनाही हसता आलं नाही.

त्यानंतर ते कुणाच्या घरी गेले नाहीत. मीच गेले. त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, दारातच सांगितलं, "अहो मॅडम, भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. तुम्ही तरी बोला." मला पाहून सर उठले, कपड्यानं झाकलेला मायक्रोस्कोप उघडला, तीच स्लाइड लावली.

"कडा वाचा, मॅडम."

मी वाकले. मध्ये तेच खाल्लेले पट्टे. त्यांच्याभोवती कडेला एक रुंद, नितळ पट्टा होता. कुठे ओरखडा नाही, खळबळ नाही. मला डोळा वर काढवेना.

"वाचा ना."

"शांत आहे, सर. इथं काही झालेलं नाही."

"गाभा वाहत आलाय. मला बोअरच्या आधीच दिसलं होतं."

"मग 'आहे' का म्हणालात, सर?"

ते काचेवरची धूळ पुसत राहिले. "नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी संपलं असतं. बोअर होईपर्यंत तरी तिथं तांबं होतं ना, मॅडम."

त्या हिवाळ्यात सर गेले. मला खूप राग आला होता, आणि खूप रडू. आजही वर्गात मी कडेचा पट्टा शिकवते. 'तो म्हणेल ते खरं' या वाक्याशी आले की मुलांकडे बघवत नाही, फळ्याकडे वळून काहीतरी पुसत राहते.