पप्पांनी सोडवलेलं भांडण

इस्रायलला कायमचं जायला भाईंदर सोडलं त्या दिवशी केबिन रोडला रिक्षा उभी होती, मागे मावेनात म्हणून दोन बॅगा आईच्या मांडीवर होत्या, आणि पप्पांनी मला अख्ख्या सोसायटीसमोर प्रवासाची तेफिला म्हणायला लावली. चौदा वर्षांचा मी. हिब्रूतली ती प्रार्थना घडाघडा म्हणून टाकली. निरोप द्यायला आलेल्या, जवळच्या खारी गावातल्या काकू म्हणाल्या, "पोरा, ग्वाड बोललास. पन याचा अर्थ काय हाय?" मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "चला, विमान चुकेल."

आम्हा मराठी ज्यू लोकांकडे धर्माचं शिक्षण असंच असायचं. आधी अलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं गिरवा, मग तेफिला पाठ करा, मग तोरा या धर्मग्रंथातला आपल्या वाट्याचा भाग चालीवर बसवा, आणि तेराव्या वर्षी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बार मित्स्वा, म्हणजे मुलगा वयात आल्याचा विधी. झालं, पोरगा शिकला! ऑफिसातून आल्यावर पप्पा स्वतः शिकवायला बसायचे. मध्येच 'असं का?' विचारलं की उत्तर ठरलेलं: "तोंड वर करून बोलू नकोस. वाच." मी वाचायचो.

इस्रायलला आल्यावर मला यशिवात, म्हणजे मुलांच्या धार्मिक वसतिशाळेत घातलं. माझं शिक्षण संपलं होतं तिथून त्यांचं सुरू होत होतं. माझ्या वयाची मुलं तल्मूदवर, म्हणजे धर्मशास्त्रावरच्या वादचर्चांच्या ग्रंथावर पोचलेली, आणि तल्मूद तिथे एकट्याने वाचत नाहीत. जोडीदार समोर बसवायचा, त्याचं म्हणणं आपण खोडायचं, आपलं त्याने. माझा जोडीदार टेबलावर हात आपटून बोलायचा आणि मी आपला मान डोलवायचो. सकाळच्या तेफिलेत माझ्याइतकं स्वच्छ कोणी वाचत नसे, पण त्याचं तिथे कोणाला काय! एक दिवस आम्हाला शिकवणारे रब्बी म्हणाले, असाच गप्प राहिलास तर लहान मुलांच्या वर्गात बसवावं लागेल. लाजेने मेल्यासारखं झालं. राग मात्र आला पप्पांचा.

त्याच आठवड्यात पप्पा डबा घेऊन भेटायला आले. दारातूनच त्यांना दिसलं ते असं: हॉलभर पोरं एकमेकांवर ओरडतायत आणि एक दांडगा मुलगा माझ्या अंगावर धावून येतोय. पप्पा धावत आत शिरले, आमच्या मधे उभे राहिले आणि चक्क मराठीत ओरडले, "अरे सोडा, सोडा! देवाच्या पुस्तकावरून काय भांडताय?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मी कसंबसं म्हणालो, "पप्पा, भांडण नाही हे. अभ्यास करतोय आम्ही."

पप्पा बाकावर टेकले. "मग तू का गप्प बसलायस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, तोंड वर करून बोलायचं नाही?"

आयुष्यातलं माझं पहिलं उलट उत्तर. वाटलं, आता बसतेय कानाखाली. पण त्यांनी पुस्तक पुढे ओढलं. त्यात अक्षरांखाली स्वरांच्या खुणा नव्हत्या. पप्पा पहिल्याच ओळीला अडखळले.

"मला नाही येत रे," ते म्हणाले. "अर्थ तर कधीच येत नव्हता. तू विचारायचास, मला भीती वाटायची. आता विचार. आधी मलाच विचार."

मी विचारायला लागलो, आणि लहान मुलांच्या वर्गात मला जावं लागलं नाही. घर कुठलं, असं कोणी विचारलं की भाईंदर म्हणावं की इथलं गाव, अजून कळत नाही. पण शुक्रवारी रात्री जेवणं झाली की पप्पा आणि मी पुस्तक मधे ठेवून मराठीत कडाकडा भांडतो, आणि शेजारी काय म्हणतील म्हणून आई खिडक्या लावून घेते. तेवढा वेळ मी घरी असतो.