एक नंबरची टेस्ट शेवटी का चालली?

अन्याय माझ्यासोबत काम करणाऱ्या लावण्याक्कावर झाला. गेल्या श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, भवानी पेठेतल्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही फक्त 'भुताटकी' लक्षात ठेवाल.

मी असलं काही मानत नाही. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं कॉलेजपासून वाटतोय, एक तर भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्या तुमच्या याच सदराविरुद्ध काढलं होतं. तरीही...

आम्ही पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर बनवतो. ते बरोबर चालतंय का हे तपासणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात — टेस्ट. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. आमच्या चाळीस होत्या. त्यातली एक अक्काने लिहिलेली: ज्याचा रक्तगट तपासलाच नाही, त्याच्या रिपोर्टवर ती जागा कोरी हवी. ही टेस्ट सगळ्यांच्या आधी चालवली की हिरवी. दुसऱ्या टेस्टच्या मागून चालवली की लाल — कारण आधीच्या पेशंटचा रक्तगट आत तसाच राहायचा आणि पुढच्याच्या रिपोर्टवर छापला जायचा.

"एकाच्या उष्ट्या ताटात दुसऱ्याला वाढतोय आपण," अक्का म्हणाली. "ताट धुवायला पाहिजे, सर. दोन दिवस द्या."

सर, म्हणजे आमचे मालक, मूळचे अकलूजकडचे. हसले. "डेमो उद्या हाय आन् तुला धुणीभांडी सुचत्यात व्हय?"

त्यांनी टेस्टना चालण्याचे क्रमांक टाकून दिले. अक्काच्या टेस्टला एक. "घे, पयला नंबर दिला तुला. आता तरी खूश हो की!"

सगळं हिरवं. अक्काने तपासणीवर सही करायला नकार दिला. सव्वाबाराला तिला काढून टाकलं. तिचं लॉगिन बंद केलं ते मी. सरांनी सांगितलं, मी केलं. पत्रकं वाटणारा मी!

सोमवारी सकाळी अकराला टेस्ट चालवल्या. एक नंबरची टेस्ट चाळिसावी चालली. लाल.

फाइल उघडली. क्रमांक एकच. बदलांच्या नोंदीत काही नाही. ती ओळ पुसून पुन्हा लिहिली. सगळं माझ्या लॅपटॉपवर घेतलं, नेट बंद केलं, पुन्हा चालवलं. एकोणचाळीस हिरव्या, आपापल्या क्रमाने... आणि शेवटी ती. लाल. आठवडाभर रोज हेच.

सरांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. नारळ फोडला. ताट मात्र धुतलं नाही. मग म्हणाले, "तीच घरी बसून करतीय. लई आतल्या गाठीची हाय."

"सर, लॉगिन मीच बंद केलंय. लॅपटॉपला तर नेटसुद्धा नव्हतं."

"मग तू बी सामील हायस!"

शेवटी त्यांनी ती टेस्टच पुसून टाकली. एकोणचाळीस हिरव्या, आणि सॉफ्टवेअर लॅबमध्ये गेलं. आता अक्का जिथे मुलाखतीला जाते, तिथे तिच्या आधी सरांचा फोन पोचतो — 'हिने आमच्या टेस्ट बिघडवल्या.' दोन नोकऱ्या अशाच गेल्या.

तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय मेलेय का रे, झपाटायला?" मग, "लाल झाली ना? म्हणजे तिने तिचं काम केलं. तुम्ही काय केलंत?"

टेस्ट शेवटी का गेली, हे मला अजूनही कळलेलं नाही. ओळखीच्या प्रोग्रॅमरांना फाइली दाखवल्या. त्यांच्याकडे ती पहिलीच चालते. मी भूत म्हणणार नाही. पण अक्काने केलं नाही, हे मात्र शपथेवर सांगतो — दार मी स्वतः बंद केलं होतं.

आता तुमचं काम. घरातले लॅबचे रिपोर्ट काढा. आज, आत्ता. रक्तगट तपासायला दिलाच नव्हता आणि तरी तो छापून आला असेल, तर कागद फाडू नका. तो घेऊन लॅबमध्ये जा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा — हा रक्तगट कुणाचा?