धाकटीच्या जागी मी

मी दहावीत होते, धाकटी बहीण सातवीत. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला फ्लॅटवर राहायला आलो, त्याच वर्षी धाकटीला पाळी आली. मला अजून आली नव्हती. रडणाऱ्या धाकटीला जवळ घ्यायच्या आधी आई माझ्याकडे बघत राहिली.

आमच्याकडे तीन दिवस बाजूला बसायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुजराती बेन साखर मागायला आल्या. धाकटी तेव्हा बाथरूममध्ये होती. कोपऱ्यातली चटई, वेगळं ताट-भांडं त्यांनी पाहिलं.

"कौन बैठा है?"

"बडी," आई पटकन म्हणाली.

मी पुस्तक घेऊन मुकाट चटईवर जाऊन बसले.

संध्याकाळी बेन माझ्यासाठी गूळ-तुपाची गरम सुखडी घेऊन आल्या. "पहली बार ना? पेट में दुखता है? किधर?"

कुठे दुखतं ते मला ठाऊकच नव्हतं. मी कमरेवर हात ठेवला. त्या हसून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि मला वाटत होतं, आता कळणार, आता कळणार. पुढचे चार महिने धाकटीचे दिवस मी बसले. ती पोट धरून घरभर वावरायची.

शेवटी आईनं बाबांना सांगितलं. त्यांनी मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. हाडांचं वय बघायला मनगटाचा एक्स-रे, सोनोग्राफी, गुणसूत्रांसाठी रक्त. रिपोर्टला दीड महिना लागणार होता. त्या दीड महिन्यात मी रोज दार लावून आरशात ओठांवरची लव तपासायची. धाकटीनं एकदा हळूच विचारलं, "ताई, तू मुलगा होणारेस का गं?" मी तिला थोबाडीत मारली. मलाही तीच भीती वाटत होती.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुणसूत्रांतल्या फरकामुळे हिची अंडाशयं जन्मापासून नीट वाढलेली नाहीत. हार्मोन फार कमी तयार होतं. गोळ्या घ्याव्या लागतील, बरीच वर्षं."

"आणि मूल?" आईनं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. आईनं पदर तोंडाला लावला.

मी कसंबसं विचारलं, "मी मुलगी आहे ना?"

"तुला काय वाटतं?"

"मुलगी."

"मग झालं तर. सगळी शरीरं एका साच्यातली नसतात." अशा शरीरांसाठी इंटरसेक्स असा शब्द आहे, हे मला खूप वर्षांनी कळलं.

गोळ्या सुरू झाल्यावर दीड वर्षानं रक्त दिसलं. मी आईला नाही, धाकटीला हाक मारली. तिनं दार ओढून घेतलं आणि कापडाची घडी कशी घालायची ते दाखवलं.

पुढे पहिलं स्थळ आलं तेव्हा मी बाबांना म्हटलं, "आधी त्यांना सगळं सांगा. नाहीतर मी बाहेर येणार नाही." बाबा खाली जाऊन पीसीओवरून फोन करून आले. पाहुणे आले नाहीत. आईनं केलेले पोहे आम्ही चौघांनी खाल्ले.