फुंका, सर

आनंदराज चहा बशीत ओतून प्यायचा. डस्टर पँटच्या खिशात ठेवायचा, त्यामुळे उजवी मांडी कायम पांढरी. आम्ही प्यायला बसलो की शेंगदाणे एकटाच संपवायचा. दारू न पिण्याचं शील विहारात घेतलं होतं, ते त्यानं कधी मोडलं नाही. आणि कुणी अपमान केला तर विसरायचा नाही.

माझा मित्र. अहमदपूरचा. वय एकतीस. लातूरला एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा.

दिवाळीनंतर तो चालताना डगमगू लागला. सकाळी उठला की डोकं धरायचा, उलटी व्हायची. एक दिवस क्लासचे मालक विरूपाक्ष सर भर वर्गात आले. आनंदराज फळ्याला धरून उभा होता.

"रात्रीची उतरली नाही का मास्तर?"

"मी पीत न्हाई, सर."

"मग फुंका."

त्यानं फुंकलं. वास आला नाही. "वेलची खाऊन आलाय," सर म्हणाले. पोरं हसली. नोकरी गेली.

नांदेडला एमआरआय काढला. लहान मेंदूत गाठ निघाली. तोल तिच्यामुळेच जात होता. डॉक्टर फिल्म पुन्हा पुन्हा उजेडात धरत होते.

"ही गाठ लहान मुलांना होते. मोठ्यांत वर्षाला दहा लाखांत एखाद्याला, तेवढीही नाही. म्हणून मोठ्यांत कुणाला शंकाच येत नाही."

मी ऑपरेशनचा खर्च विचारला. आनंदराज मात्र खूश झाला. खरंच खूश.

"म्हणजे मी पिलेलो नव्हतो. आता पुरावा हाय."

ऑपरेशन झालं. विरूपाक्ष सर केळी घेऊन भेटायला आले.

"आम्हाला तरी काय माहीत? लाखात एखाद्याला होणारा आजार."

"दहा लाखात, सर. क्लास चालवता ना? नीट सांगा."

"जाऊ दे बाबा," त्याची आई पार्वतीबाई म्हणाली, "माफी मागायला आलेत ते."

"वर्गात मागतील. त्याच पोरांसमोर. आणि आधी फुंकतील. वास मी घेणार."

सर हसले. तो हसला नाही.

"सोड ना," मी नंतर म्हणालो.

"तू कवी माणूस, तू कविता वाच. मला हे करू दे."

परीक्षा झाल्या, ती बॅच पांगली. आनंदराज पडल्या पडल्या एकेकाला फोन लावायचा, एक दिवस पुन्हा वर्गात या म्हणून. गाठ परत वाढली होती, जीभ जड झाली होती. एका पोरानं विचारलं, "सर, पिऊन फोन केलात का?" आनंदराजनं फोन ठेवला. मग पुढचा नंबर लावला. देवणीचे दोघं यायला तयार झाले. उदगीरची एक मुलगीही.

धम्मचक्र दिनाच्या आदल्या आठवड्यात तो गेला.

अंत्ययात्रेला विरूपाक्ष सर आले होते, नाकाला रुमाल लावून. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. 'फुंका, सर' ओठांवर होतं. पण त्या वर्गातली तिघंच आली होती. बाकीच्यांना फोन करायचे राहिले होते.